कुंडी बदलायची घाई आणि माझी साडेसहाशे रोपं



परवा दुपारी जेवायला बसलो आणि पुण्याच्या एका ताईंचा फोन आला. "दादा, ऑर्किडची मुळं कुंडीच्या बाहेर आलीत हो. बिचाऱ्याला जागा पुरत नाही वाटतं. मोठी कुंडी आणलीय, आज रविवार आहे, बदलून टाकू ना?"

हातातला घास ताटात ठेवला आणि म्हटलं, ताई, आधी ती कुंडी बाजूला ठेवा. फुलं आहेत का झाडाला? म्हणाल्या, आहेत ना, सात. मग तर अजिबात हात लावू नका.

हा प्रश्न मला महिन्यातून चार-पाच वेळा येतो. प्रत्येकाला फोनवर सांगतो, पण अर्धंच सांगून होतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. आणि लिहायचंच आहे तर माझी २०१८ ची गोष्टही सांगतो, जी मी या पेजवर आजवर लिहिलेली नाही. लाज वाटत होती, खरं सांगतो.

आधी ताईंच्या मुळांचं. ऑर्किडची मुळं कुंडीबाहेर येणं म्हणजे जागा कमी पडणं नव्हे. तो त्याचा स्वभाव आहे. हे मुळात झाडावर राहणारं झाड. आमच्याकडे कोकणात पावसाळ्याच्या तोंडाला आंब्याफणसाच्या खोडांवर बघा, सीतेची वेणी लोंबत असते. तिला कुठे कुंडी आहे? मुळं सालीला चिकटलेली आणि निम्मी तर हवेत. (तिला बांडगूळ समजून कोयत्याने खरवडून काढणारे महाभाग अजून आहेत. बांडगूळ झाडाचा रस पितं. ही नुसती वस्तीला असते, झाडाकडून काही घेत नाही.) त्या मुळांवर पांढरं, स्पंजासारखं आवरण असतं. पाणी पडलं की ते शोषून घेतं आणि मूळ हिरवं दिसायला लागतं, वाळलं की परत पांढरं. म्हणजे या मुळांना भिजायचंही असतं आणि सुकायचंही असतं. दोन्हीतलं एक जरी बंद झालं तरी मूळ मेलं. कुंडी कधी बदलायची हा सगळा प्रश्न इथूनच सुरू होतो.

आता माझी गोष्ट.

मी २०१५ साली तीन गुंठ्यांच्या शेडनेटमध्ये डेंड्रोबियम लावलं. सोनिया जात, तीच जांभळी-पांढरी, जी तुम्ही लग्नाच्या स्टेजवर बघता. तीन हजार रोपं. धाकटा भाऊ मुंबईला नोकरीला, त्याने निम्मे पैसे घातले. निम्मं कर्ज. वाडीत सगळे म्हणत होते, आंबा-काजू सोडून याला फुलांचं खूळ लागलंय. पण दुसऱ्या वर्षापासून फुलं दादरला जायला लागली आणि लोकांची तोंडं जरा बंद झाली.

माध्यम म्हणून नारळाची सोडणं वापरलेली. आमच्या आगरात माड आहेत, सोडणं फुकट. फुकटची गोष्ट फुकटात सगळं देते असं वाटतं माणसाला. पण सोडण कुजतं. कोकणातला पाऊस तीन-साडेतीन हजार मिलिमीटर, त्यात तीन पावसाळे काढले की सोडणाचा भुगा होतो. वरून दिसत नाही. वरून सगळं ठीकच दिसतं, फार तर हिरवं शेवाळ. आत मात्र चिखल, हवा खेळत नाही आणि मुळं गुदमरून कुजतात.

२०१८ च्या पावसात फुलदांड्या कमी झाल्या. आणि एक गंमत झाली. कांड्यांच्या शेंड्यावर, पेरांवर छोटी छोटी पिल्लं फुटायला लागली. पानं, मुळं, सगळं असलेली. मी खूश! म्हटलं, बिनपैशाची रोपं. आईला मुद्दाम दाखवायला नेलं. ती बघत राहिली आणि म्हणाली, "झाड पोरांना खांद्यावर घेतंय रे. खाली पाणी भरलेलं दिसतंय."

मी हसलो. तिने आयुष्यात ऑर्किडचं पुस्तक उघडलेलं नाही आणि मी तर प्रशिक्षण घेऊन आलेलो.

दिवाळीच्या सुट्टीत भाचे आले होते, भातकापणी उरकून बायकाही मोकळ्या होत्या. एक कुंडी उपडी केली तर आत काळा चिखल आणि त्याला वास. घाबरलो. ठरवलं, लगेच बदलून टाकू. पहिल्या टप्प्यात ९०० कुंड्या घेतल्या. नोव्हेंबर महिना.

त्या आठ दिवसांत मी ज्या ज्या चुका करता येतील त्या सगळ्या केल्या. आता मोजतो तेव्हा मलाच नवल वाटतं.

पहिली म्हणजे वेळ. थंडीच्या तोंडावर हे झाड थांबतं. नवा कोंब नाही, नवीन मूळ नाही. अशा वेळी जुनी मुळं छाटली तर त्याच्याकडे नवीन काढायला काही नसतं. बसून राहतं आणि हळूहळू सुरकुततं.

दुसरी, पानं नसलेल्या जुन्या कांड्या मी 'मेलेल्या' समजून छाटून टाकल्या. मंडळी, ती झाडाची कणगी असते. पाणी आणि अन्न त्यातच साठवलेलं असतं. कांडं पिवळं पडलं, पान गळलं म्हणून ते निरुपयोगी होत नाही. हाताला टणक आणि भरलेलं लागतं तोवर ठेवायचं. पोकळ, तपकिरी, दाबलं की पचकतं, तेवढंच काढायचं. मी ऐन संकटात झाडाची कणगी रिकामी केली.

तिसरी, कुंड्या मोठ्या घेतल्या. आता पुन्हा बदलायला नको म्हणून आठ इंची. एवढ्याशा मुळांभोवती एवढं सोडण, ते वाळणार कधी? चौथी, ताजी सोडणं न भिजवताच भरली. पाचवी, झाड काठीला बांधलं नाही. वाऱ्याने, पाइपच्या पाण्याने ते हलत राहिलं आणि एखादं मूळ निघालंच तर त्याचं टोक घासून मोडलं. सहावी, 'नवीन लागवड आहे' म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी. भाताच्या आवणाला घालतात तसं.

आणि एकच कात्री. ९०० झाडांना एकच कात्री, ती फडक्याला पुसत पुसत. ऑर्किडचे विषाणूरोग असेच हत्यारावरच्या रसातून एका झाडावरून दुसऱ्यावर जातात आणि त्यांच्यावर औषध नाही, झाड उपटून जाळणं एवढंच. त्या वर्षी त्यातून कसा वाचलो देव जाणे.

जानेवारीत पानं गळायला लागली. फेब्रुवारीच्या शेवटी मोजली तर ९०० पैकी जेमतेम २५० उरलेली. बाकी कुजून किंवा सुकून गेली. भावाला फोन करायला चार दिवस लावले. तो काही बोलला नाही, फक्त विचारलं, "हप्ता कसा भरणार?" त्या साली काजूचे सगळे पैसे तिकडे गेले. घराची पडवी शाकारायची होती, ती राहिली.

आईने मात्र एक केलं होतं. मी छाटून खड्ड्यात टाकलेल्या कांड्यांतल्या बऱ्यापैकी टणक कांड्या तिने न बोलता उचलल्या होत्या आणि फणसाखाली सावलीत ओल्या सोडणांवर आडव्या घातल्या होत्या. रोज जाता-येता हाताने पाणी शिंपायची. मार्चमध्ये मला तिकडे घेऊन गेली. पेरापेरावर पिल्लं! मोजली, सत्तरच्या वर होती. "तुझी मेलेली," एवढंच म्हणाली.

उरलेल्या २१०० कुंड्यांचं काय? त्यांच्यातही चिखलच होता. पण आता हात लावायची भीती वाटत होती. रोज सकाळी शेडमध्ये जाऊन नुसता बघत बसायचो. तेव्हा पहिल्यांदा झाड नीट पाहिलं असं म्हणायला हरकत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी उन्हं तापायला लागली तसे बुडातून नवे कोंब निघाले. कोंब तीन-चार बोटं झाला की त्याच्या बुडाशी हिरवे-पांढरे ठिपके दिसायला लागतात, मोहरीएवढे. ती नवी मुळं. हीच ती वेळ. मूळ नुकतं डोकावतंय, अजून लांब झालेलं नाही. या वेळी हलवलं की पुढची सगळी वाढ ते मूळ नव्या माध्यमात करतं. पंधरा दिवस उशीर केलात तर मूळ बोटभर होतं आणि हाताळताना त्याचं कोवळं टोक मोडतं.

म्हणून कुणी मला 'कोणत्या महिन्यात' विचारलं की मी महिना सांगतो खरा (आमच्याकडे फेब्रुवारीअखेर ते एप्रिल), पण लगेच म्हणतो, कॅलेंडर नको, झाडाच्या बुडाशी बघा. एका शेडमधली सगळी झाडंसुद्धा एकाच दिवशी तयार होत नाहीत. आम्ही आता तयार झालेल्या कुंडीत लाल काडी खोचत जातो आणि त्यातलीच रोज उचलतो. एप्रिलच्या पुढे नेत नाही. मेचा उकाडा लहान मुळांना सोसत नाही, आणि एकदा पाऊस लागला की कुंडीतलं आठ-आठ दिवस वाळत नाही.

२०१९ च्या मार्चमध्ये घाबरत घाबरत १०० घेतल्या. पद्धत तेव्हापासून तीच आहे, सांगतो.

सोडणाचे अंगठ्याएवढे तुकडे करायचे आणि आठवडाभर भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं. पहिल्या दिवशीचं पाणी कोऱ्या चहासारखं निघतं. तो सोडणाचा तुरटपणा आणि आमच्यासारख्या किनाऱ्याच्या माडांचा खार. पाणी फिकट झालं की तुकडे तयार. सोबत कोळसा. नुसतं सोडण आता वापरत नाही.

झाडाला आदल्या दिवशी पाणी द्यायचं, म्हणजे मुळं लवचीक होतात. कोरडी मुळं काडीसारखी मोडतात. मातीच्या कुंडीला मुळं चिकटून बसली असतील तर सोलत बसायचं नाही. कुंडी फोडायची, आणि मुळं धरलेली खापरी तशीच नव्या कुंडीत ठेवायची. पंधरा-वीस रुपयांची कुंडी जाते, पण मूळ वाचतं.

मग जुनं माध्यम झाडून काढायचं. मूळ जिवंत की मेलेलं हे डोळ्यांनी नाही, बोटांनी बघायचं. टणक असेल तर जिवंत, रंग कसाही असो. कुंडीच्या आतलं मूळ पिवळट-तपकिरी असतं, घाबरू नका. मेलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं की साल निसटून हातात येते आणि आत नुसता दोरा राहतो. तेवढंच कापायचं. कापायला दोन-तीन कात्र्या ठेवायच्या आणि प्रत्येक झाडानंतर कात्री जाळावर धरायची. मी शेडमध्येच छोटी शेगडी ठेवतो. एक गार होईपर्यंत दुसरी वापरायची. कापल्या जागी हळद लावतो, पण कांड्याच्या जखमेला, मुळांना नाही. हळदीने मुळं कोरडी पडतात असा माझा अनुभव.

झाडाचे भाग करायचे असतील तर एका भागात कमीत कमी तीन कांड्या आणि एक नवा कोंब पाहिजे. एकाची चार करायचा मोह होतो, मला माहीत आहे. दोन कांड्यांचा तुकडा जगतो, पण दोन वर्षं फूल दाखवत नाही. मग काय मिळवलं?

कुंडी मुळांपेक्षा बोटभरच मोठी. सोनियाला अडचणीतच बरं वाटतं. जुन्या कांड्या कुंडीच्या कडेला टेकवायच्या आणि नवा कोंब मधल्या मोकळ्या जागेकडे, कारण वाढ त्याच दिशेने पुढे सरकणार. बुडका वरच राहिला पाहिजे, पुरायचा नाही. पुरलात तर कोंब कुजलाच. आणि काठी! काठीला बांधल्याशिवाय कुंडी खाली ठेवायची नाही. कुंडी उचलून हलवली तर झाड आणि कुंडी एकत्र हलली पाहिजे.

त्यानंतर सगळ्यात अवघड काम, म्हणजे काही न करणं. आठ-दहा दिवस सावली जरा जास्त आणि पाणी नुसतं पानांवर धुक्यासारखं. कुंडीत ओतायचं नाही. कापलेल्या मुळांच्या जखमा सुकू द्यायच्या. खत तीन आठवडे बंद, त्यानंतर १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम, तेही मुळं सरकताना दिसली तर. आणि रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचायच्या. हे कुठल्या पुस्तकात ठळक लिहीत नाहीत, पण कोवळ्या मुळांची हिरवी टोकं त्यांना फार आवडतात. एका रात्रीत चाळीस कुंड्यांची टोकं साफ केलेली मी बघितली आहेत.

त्या शंभरातली चार गेली. मग हिंमत आली आणि पुढच्या दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने बाकीच्या केल्या.

मध्येच निसर्ग चक्रीवादळ आलं, ३ जून २०२०. दापोली-मंडणगड-श्रीवर्धन पट्ट्यातल्या लोकांना त्या दिवसाबद्दल काही सांगायला नको. शेडनेटच्या चिंध्या झाल्या, नऊ माड गेले, आणि पडवीचीच नव्हे तर अख्ख्या घराची कौलं उडाली. खळ्यात मंगलोरी कौलांच्या तुकड्यांचा ढीग. महिनाभर तो ढीग बघून जीव तुटायचा. मग एक दिवस आईच म्हणाली, हे तुकडे तुझ्या कुंड्यांत चालणार नाहीत का? चालतात काय, सोन्यासारखे चालले! कौलाचा तुकडा थोडं पाणी धरतो, कुजत नाही, आणि सोडणांच्या मध्ये हवेला जागा ठेवतो. आता माझं मिश्रण म्हणजे निम्मी सोडणं, बाकी कोळसा आणि कौल. २०२१ साली भरलेल्या कुंड्यांनी चार पावसाळे काढले, मग बदलल्या.

त्याच वादळात परसातला म्हातारा फणस आडवा झाला. त्याच्या फांदीवर सीतेची वेणी होती, आईच्या लग्नाच्या आधीपासूनची. मी म्हटलं, गेली. आई म्हणाली, गेली कशी? मुळं सालीला धरून आहेत. करवत आण. मग पावसात भिजत फांदीचा तेवढा तुकडा सालीसकट कापला आणि खळ्याजवळच्या आंब्याला बांधला. दोरी नको म्हणाली, रुतते. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून दिल्या. मुळं आंब्याला धरतील तोवर त्या कुजून पडतील, असा तिचा हिशेब.

मी तिला विचारलंसुद्धा, अगं जूनमध्ये हलवायचं नसतं म्हणून मीच सगळ्यांना सांगतो. ती म्हणाली, "तुझ्या कुंडीत पाणी साठतं. हिच्या कुंडीला बूड कुठेय?" खरंच होतं. खोडावर कितीही पाऊस पडला तरी वारा सुटला की मुळं सुकतात. शिवाय वेणीची नवी मुळं पावसाच्या सुरुवातीलाच सुटतात. तिच्यासाठी जून हीच वेळ होती.

दोन वर्षं तुरा आला नाही. ही जात हलवलेलं मनावर घेते. २०२३ च्या मेअखेर आला, एकच, वीतभर. यंदा बघू. (वाचून कुणी जंगलातल्या वेण्या उतरवून आणू नका, हात जोडतो. पडलेल्या झाडावरची वाचवणं वेगळं.)

तर पुण्याच्या ताई. त्यांचं फॅलेनॉप्सिस आहे, रुंद पानांचं, एका शेंड्यावर वाढणारं. त्याचे भाग होत नाहीत, पण बाकीचा न्याय तोच. फुलं उतरू द्या. मग नवीन पान किंवा मुळांना हिरवी टोकं दिसली की कुंडीतून काढा. मधोमध ओल्या शेवाळाचा गोळा सापडेल, रोपवाटिकेतून आलेला. बाहेरचं सगळं वाळलं तरी तो ओलाच राहतो आणि झाड तिथूनच कुजायला लागतं. तो हलक्या हाताने सोडवा. बाहेर आलेली मुळं जबरदस्तीने आत कोंबू नका, हवेची सवय झालेली मुळं आत कुजतात. एक अपवाद, फुलं असतानाही बदलायचं ते तेव्हाच, जेव्हा कुंडीला कुजका वास येतोय आणि झाड डगडगतंय. मग फुलांचा विचार सोडून द्यायचा, दांडी कापून फुलदाणीत ठेवायची.

संध्याकाळी ताईंनी फोटो पाठवला. मुळं मस्त, जाडजूड, टोकं हिरवीगार. काही झालेलं नाही झाडाला. मोठ्या कुंडीत त्यांनी कढीपत्ता लावलाय म्हणे.

माझ्याकडे लाल काड्यांच्या ३२० कुंड्या अजून आहेत. आज ४० झाल्या. सोडणांचा आज पाचवा दिवस, पाणी बदलायचं राहिलंय आणि आई दोनदा ओरडून गेली. प्रश्न असतील तर खाली लिहा, रात्री गोगलगायी वेचून आलो की उत्तरं देतो.